केवलरामच्या तीन बरगड्या

"मी पडलो नाई, धडपडलो नाई, मले मार लागला नाई. किती डाव सांगू तुले?"

"मी कुठं काई म्हनून राहिली?" कौशल्या म्हणाली. "पाट दुखते का, येवढंच विचारलं. पडाचं नाव तं तुमीच काढलं."

केवलरामनं बशीतला चहा फुर्र करून ओढला आणि पेरूच्या झाडाकडं पाहत बसला. कौशल्यानं तांदळातला खडा वेचला, अंगणात भिरकावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरगडीतली हवा सरली ना पन पुरी?"

"सरली वो! केवाचीच सरली. कावून मांगं लागून राहिली माह्या?"

"नाई, म्हटलं मिठाचा शेक देऊ का अजून."

भिलाईतल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात नवरा-बायकोचं हे बोलणं दीड वर्षापासून चाललं होतं. महिन्यातून एकदा तरी कौशल्या त्या हवेची चौकशी करायची आणि केवलराम ती सरल्याचं सांगायचा. बायको इतकी काळजी करते म्हणून त्याला मनातून बरंही वाटायचं. माणूस साधा.

साधा असला तरी कामाचा पक्का. साकोलीच्या पल्याडच्या धानाच्या बांधीतून उठून तो ऐन जवानीत प्लांटमध्ये आला आणि रेल मिलमध्ये चिकटला तो चिकटलाच. रेल्वेचे रूळ थंड होऊन पुढं आले की ते उलटसुलट करून पाहायचे, चीर दिसली तर रंगाचा फटका मारून बाजूला काढायचे, हे त्याचं काम. आता रिटायर व्हायला वर्षभर उरलं होतं आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या नळात बिघाड झाला. लघवीला उभा राहिला की मागची माणसं कंटाळून दुसरीकडं जायची. दयाराम, त्याच्या बरोबरीचा आणि त्याच गाडीनं भिलाईत उतरलेला मित्र, बाहेरून हाका मारायचा, "का बे केवल्या, धानाले पानी सोडून राहिला का अंदर?"

शेवटी दवाखान्यात जावंच लागलं. डॉक्टर शामसुंदर म्हणजे नागपूरकडचाच माणूस, पण ऑफिसरांच्या मराठीत बोलणारा. त्यानं रबराचा हातमोजा चढवला, केवलरामला कुशीवर वळायला सांगितलं आणि सत्तावन्न वर्षांत कोणी तपासलं नव्हतं तिथं बोट घालून तपासलं. केवलरामनं भिंतीकडं तोंड करून बजरंगबलीचं नाव घेतलं. मग सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तो तपासायला गेला आणि आठवड्यानं उत्तर आलं: प्रोस्टेटचा कॅन्सर.

"घाबरू नका केवलरामजी," डॉक्टर म्हणाला. "खरा प्रश्न पुढेच आहे. तो गाठीतच बसलाय की हाडांत उतरलाय, हे पाहायचंय. हा निघाला की आधी हाडं धरतो. कणा, कंबर, बरगड्या. गाठीतच असला तर किरणांचा शेक देऊन मुळापासून काढायचा प्रयत्न करता येतो. हाडात गेला असला तर तो प्रयत्न फुकट. मग फक्त त्याचं खाणं बंद करायचं."

"खानं म्हंजे?"

"पुरुषाच्या अंगातला जो रस असतो ना, त्यावर हा पोसतो. तो रस जिथं तयार होतो, ते दोन्ही काढून टाकायचे."

केवलरामला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं दोन्ही मांड्या जवळ घेतल्या.

"साध्या एक्स-रेत हे लवकर दिसत नाही," डॉक्टरनं सांगितलं. "हाड पुष्कळ खाल्लं गेल्याशिवाय त्यात काही उमटत नाही. मुंबईत मशीन आहे, ते आधीच दाखवतं. बायकोला घेऊन जाऊन या."

दोघं मुंबईला गेले. तिथल्या दवाखान्यात खिडकीमागच्या बाईनं एका दमात प्रश्न विचारले. विडी ओढता? नाही. दारू? नाही. याआधी पडलात, हाड मोडलं, मार लागला? केवलरामनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. कौशल्या पाण्याची बाटली छातीशी धरून शेजारीच उभी होती.

"नाई."

कौशल्या नाकातून हसली. विडी नाही म्हणून सांगितलं तेव्हाही ती तशीच हसली होती, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही.

दंडात सुई टोचली. ते औषध हाडांत जाऊन बसायला दोन-तीन तास लागतात, तोवर खूप पाणी प्या आणि लघवी करून या, असं सांगितलं. पाणी पिण्यात काही अडचण नव्हती. दुसऱ्या कामासाठीच तर बिचारा भिलाईहून इतक्या लांब आला होता. तासभर आत-बाहेर करून कसंबसं उरकलं आणि तो त्या मशीनखाली जाऊन आडवा झाला. डब्यासारखं काहीतरी डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू सरकत गेलं. केवलरामला आपण रूळ झाल्यासारखं वाटलं. वरून कोणीतरी पाहत होतं आणि रंगाचा डबा त्याच्या हातात होता.

भिलाईत परत आल्यावर डॉक्टर शामसुंदरनं तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला. कागदावर केवलरामचा सांगाडा उमटला होता, धुरानं काढल्यासारखा. डाव्या बरगड्यांवर तीन काळे ठिपके होते, एकाखाली एक.

कौशल्या बाहेर बाकावर बसली होती. दुखणं पडलं खालचं, तिथं बायकोनं आत बसायची रीत नव्हती. मध्ये फक्त हिरवा पडदा.

"हे पाहा," डॉक्टर म्हणाला. "हाड जिथं जास्त काम करतं तिथं हे औषध गोळा होतं आणि काळं दिसतं. कॅन्सर हाड खात असला तरी काळं, मोडलेलं हाड जुळत असलं तरी काळं. दोन्ही सारखंच दिसतं. फरक आपल्याला पेशंटला विचारूनच करावा लागतो. आणि असे ओळीनं ठिपके मार लागल्यावर जास्त दिसतात, म्हणून विचारतो. गेल्या एक-दोन वर्षांत डाव्या कुशीवर कुठं पडलात?"

केवलरामनं पडद्याकडं पाहिलं. पडद्याखाली कौशल्याच्या चपला दिसत होत्या.

"नाई साहेब."

"नीट आठवा. सायकलवरून? प्लांटमध्ये?"

"नाई ना जी. आपन कुठंच नाई पडलो."

डॉक्टरनं सुस्कारा सोडला आणि ऑपरेशनची तारीख दिली.

आता तो पडला होता की नाही? पडला होता. असा पडला होता की साकोलीच्या टापूत अजून लोक सांगतात.

जवानीत केवलराम नावाजलेला धुरकरी होता, शर्यतीची बैलजोडी हाकणारा. माघात बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरले की जोडी कोणाचीही असो, छकडीवर केवलराम पाहिजे, अशी मागणी असायची. पण कौशल्याचा बाप अशाच एका पटात छकडीच्या चाकाखाली आला होता आणि मरेपर्यंत खाटेवरून उठला नव्हता. तिनं लग्नानंतर काही वर्षं सहन केलं आणि एक दिवस केवलरामचा हात धरून पोरीच्या, नलूच्या, डोक्यावर ठेवला. "घ्या शपथ. पुन्ना छकडीवर चढान तं हिचं बरंवाईट होईन." त्यानं शपथ घेतली आणि वीस वर्षं पाळली. पटाच्या दिवसांत मुद्दाम डबल शिफ्ट लावून घ्यायचा, तेवढंच मन गुंतायला.

मग दीड वर्षामागच्या माघात तो वाट्याचे तांदूळ आणायला गावी गेला. गावात पट होता. चुलतभाऊ बळीरामची जोडी सजून उभी होती आणि त्याचा धुरकरी सकाळीच पिऊन तणसाच्या ढिगात घोरत पडला होता. बळीराम केवलरामकडं आला. विनंती केली असती तर केवलराम नाहीच म्हणाला असता. पण बळीराम पोचलेला. तो म्हणाला, "राहू दे दादा. लोखंडात राहून तुहे हात लोखंडाचे झाले असतीन. बैलाची शेपटी नाई झेपाची तुले आता."

बस. केवलराम चढला. जोडी सुटली, अर्ध्या रानापर्यंत अशी पळाली की लोकांनी टोप्या उडवल्या. मग चाक उसळलं आणि केवलराम डाव्या कुशीवर मातीत आदळला. जोडी रिकाम्या छकडीसकट पुढं गेली आणि त्या दिवशीच्या सगळ्या जोड्यांहून लवकर पोचली. पंचांनी ती धरली नाही, हा भाग वेगळा. बळीराम मात्र गावभर सांगत सुटला, "म्हातारा ओझंच होता बाप्पा!"

भिलाईत उतरला तेव्हा केवलरामला श्वास घेता येत नव्हता. "रेल्वेत खिडकीशी बसलो, हवा भरली बरगडीत," त्यानं सांगितलं. कौशल्यानं तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि पंधरा दिवस शेकलं. तांदळाचं पोतं तो गावीच विसरून आला होता. त्याबद्दल ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये केवलरामनं दयारामला फोटोचं सगळं सांगितलं. दयारामच्या हातातला समोसा हातातच राहिला.

"अबे, मंग सांगून टाक ना डाक्टरले, का पटात पडलो म्हनून!"

"कसा सांगू? बाहेर ते बसली राह्यते."

"बसू दे ना! दोन दिवस बोलन, आठ दिवस बोलन. कापून तं नाई टाकनार ते. डाक्टर कापून राहिला!"

"तिचं नाई रे." केवलराम खाली पाहून बोलला. "नलूच्या डोक्यावर हात ठेवला होता. तिले सातवा लागला हाये. जोवर माह्या तोंडातून निघलं नाई, तोवर कोनाले मालूम शपथ मोडली का नाई? निघलं का मोडली. मंग पोरीचं काई झालं म्हंजे?"

"म्हंजे तू पडला, पन बोलला नाई म्हून पडला नाई?"

"तसंच समज."

कितीही उलटसुलट करून पाहिलं तरी त्या बोलण्यात दयारामला चीर सापडेना. शेवटी तो म्हणाला, "पन आपला देव कसा हिसाब करते बे? शपथ पोरीच्या डोक्याची आन फेडाची तुह्या..." पुढचं त्यानं समोशासोबत गिळून टाकलं.

केवलरामनंही त्यावर विचार केला होता. गावात गोऱ्हा मोठा झाला की चार माणसं त्याला आडवा पाडतात, पाय बांधतात, आणि ठेचून त्याचा बैल करतात. त्यानं स्वतः कितीतरी गोऱ्ह्यांची शिंगं दाबून धरली होती. तेव्हा गोऱ्ह्याच्या डोळ्यांत काय असतं ते पाहायचं राहून गेलं होतं. आता आरशात दाढी करताना दिसायचं.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी दोघं दवाखान्यात भरती व्हायला गेले. कौशल्या नेहमीप्रमाणं बाकावर बसायला निघाली, तर डॉक्टर शामसुंदरनं पडदा बाजूला केला. "वहिनी, आज तुम्ही आत या. या ऑपरेशनला बायकोशी बोलून, तिची सही घेऊनच पुढं जातो मी."

कौशल्या पदर सावरून स्टुलावर बसली. डॉक्टरनं फोटो काढला, तीन ठिपके दाखवले आणि जमेल तितक्या सोज्वळ शब्दांत काय काढायचं ते सांगितलं. शब्द इतके सोज्वळ होते की तिला काही कळलं नाही.

"साहेब, सरळ सांगा ना जी. काय कापता?"

डॉक्टरनं सरळ सांगितलं.

कौशल्यानं नवऱ्याकडं पाहिलं. केवलराम टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहत होता.

"म्हंजे यायचा बैल करता?"

"तसं... हो. म्हणजे, हाडात उतरल्यावर दुसरा उपाय नाही."

"कोनत्या हाडात? बाहेरच्या गलक्यात मले काई आयकूच नाई येत."

"या बरगड्या. डावीकडच्या. दोनदा विचारलं मी, मार लागला होता का. नाही म्हणाले. मार नाही, तर मग तो कॅन्सरच धरावा लागतो."

कौशल्यानं तो फोटो स्वतःच्या हातात घेतला, उलटा होता तो सुलटा केला आणि बोट ठेवलं.

"ही एक, ही दोन, ही तीन. इथंच शेकलं मी मीठ. साहेब, ह्या बरगड्या बळीरामच्या छकडीवरून पडून मोडल्या हायेत. दीड वर्सामांगं, माघातल्या शंकरपटात. साऱ्या गावानं पाह्यलं."

केवलराम ताडकन उठला. "कौशल्ये! अवो, नलूची शपथ..."

"बसा खाली!" ती म्हणाली. तो बसला. "बैलाच्या मांगं धावता धावता सोताच बैल व्हाची पाळी आली, तरी तोंड उघडत नाई हा मानूस!"

"तुले... तुले कोनं सांगितलं?"

"भागाबाईनं. बळीरामची बायको डोये दाखवाले आली होती ना, तुमी आल्यावर आठच दिवसानं? तुमी विसरलेलं पोतं तिनंच तं आनलं. मंग तांदूळ मोजता मोजता सारं सांगितलं."

"मंग तू बोलली कावून नाई दीड वर्स?"

"म्हटलं पाहू, केवा सांगतेत. महिन्या महिन्यानं विचारत होती ना मी, हवा सरली का, हवा सरली का. तुमी आपले, सरली म्हने!"

डॉक्टर शामसुंदर इतका वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत होता. त्याला हसायचंही होतं आणि चिडायचंही होतं. शेवटी तो चिडला. "वहिनी, मग मुंबईत का नाही बोललात? तिथंही विचारलं असेल की!"

"विचारलं ना जी. मले काय मालूम ते कामाचं हाये! विडीबी विचारली त्यायनं, तेबी हे खोटंच बोलले. म्हटलं, नवरा शिकलेल्या लोकायसमोर इज्जत राखून राहिला, तं राखू दे."

"पण शपथेचं?" केवलरामचा आवाज अजून खाली होता. "नलूले सातवा महिना..."

"ते शपथ केवाची उतरवली मी! नवरात्रात डोंगरगडले गेली होती ना? तुमी म्हनत होते, गुडघे दुखतेत तं कायले पायऱ्या चढते. देवीले सांगून आली, का माय, हा मानूस काई आयकनार नाई, पोरीले याच्या हिशोबातून मोकळी कर. नारळ फोडला. झालं."

नवरात्र होऊन आता किती महिने झाले होते. तेवढे महिने केवलराम एका मोकळ्या शपथेचा पहारा करत बसला होता. बायको वर जाऊन कुलूप काढून आली होती आणि खाली नवऱ्याला सांगायचं तिला कारण वाटलं नव्हतं.

डॉक्टरनं ऑपरेशनचा कागद बाजूला सारला. "सही राहू द्या. आधी त्याच तीन जागांचा साधा एक्स-रे काढू. जुनी मोडतोड असली तर त्यात दिसायला पाहिजे."

दुपारी फिल्म ओलीच आणली. दिव्याच्या पेटीवर लावल्यावर केवलरामलासुद्धा दिसलं. तीन बरगड्या एका रेषेत मोडल्या होत्या आणि तिथं वेल्डिंग केल्यासारख्या गाठी धरून जुळल्या होत्या. थोड्या वाकड्या, पण पक्क्या. बाकी कणा आणि कंबर मुंबईच्या फोटोतही स्वच्छ होती.

"हाडात नाही," डॉक्टर म्हणाला. "गाठीतच आहे. पण कॅन्सर आहे, हे विसरू नका. हे काही बक्षीस नाही मिळालं. नागपूरला जाऊन शेक घ्यायचा, पुरते दिवस घ्यायचा, मध्येच सोडायचा नाही. आणि मग दर सहा महिन्यांनी मला दाखवायचं, जन्मभर."

"आन ते... कापाचं?"

"सध्या नाही."

केवलरामनं मांड्या सैल सोडल्या. बाहेर पडताना कौशल्यानं तो मुंबईचा फोटो मागून घेतला. डॉक्टर म्हणाला, "तो इथं फायलीत लागेल." ती म्हणाली, "एक दिवस द्या जी, भागाबाईले दाखवाचा हाये."

नागपूरचा शेक झाला. मिठाच्या शेकापेक्षा तो बरा की वाईट, हे केवलरामला ठरवता आलं नाही. मीठ गरम लागायचं आणि काही करत नव्हतं. हा मुळीच गरम लागत नव्हता आणि संडासला मात्र दिवसभर बसवून ठेवायचा. या दिवसांत नलूला मुलगी झाली, धडधाकट. बळीराम भेटायला आला तेव्हा कौशल्यानं त्याला दारातच उभं करून जे ऐकवलं, ते शेजारच्या क्वार्टरातल्या बिहारी बाईलाही पूर्ण समजलं, आणि तिला मराठी येत नव्हती. मग त्याला जेवू घातलं. जेवताना बळीरामनं विचारलं, "दादा, औंदा माघात येशीन का? निस्तं पाहाले?" केवलरामनं कौशल्याकडं पाहिलं. तिनं वरणाची पळी त्याच्या ताटात उपडी केली आणि म्हणाली, "जाऊ द्या ना. खुंट्याले बांधून ठिवा यायले फकत."

कामावर जायला फिटनेसचा कागद मिळाला त्या दिवशी केवलराम फर्स्ट शिफ्टला निघाला. सायकलच्या हॅन्डलला डबा अडकवताना कौशल्यानं मागून विचारलं, "हवा सरली?"

"नाई," तो म्हणाला. "थोडी हाये अजून."

"बरं. आल्यावर पाहू."

रेल मिलमध्ये सगळं होतं तसंच होतं, घणघणाट, धूर आणि डोक्यावरून जाणारी क्रेन. दयाराम लांबूनच ओरडला, "आला का बे? सारे पुर्जे घेऊन आला ना?" चार-पाच जण हसले. त्यानं सारा दवाखाना मिलभर वाटून ठेवला होता, हे केवलरामला तेव्हा कळलं.

केवलरामनं हातमोजे चढवले आणि जागेवर उभा राहिला. पहिलाच रूळ समोर आला, तर रुळाच्या माथ्यावर एक काळा डाग. केवलरामच्या जागी बदलीवर ठेवलेल्या नव्या माणसानं पटकन रंगाचा ब्रश उचलला.

"थांब ना बे. रंग कावून मारून राहिला?" केवलराम म्हणाला आणि खिशातून तारेचा ब्रश काढला. घासलं तसा डाग उडाला, खाली लोखंड चकचकीत निघालं. रोलिंगची नुसती पपडी होती. त्यानं रूळ हातानं पुढं ढकलल्याची खूण केली. दुसरा आला. त्याच्यावरही काळं होतं. घासलं. ते गेलं नाही. त्यानं रंगाचा फटका मारला आणि तिसऱ्याकडं वळला.